मांडीला काम द्या : कोल्हापूरच्या तालीम मंडळांना आणि योगशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातील पेठापेठांतल्या तालीम मंडळांचे पदाधिकारी, वस्ताद आणि कार्यकर्ते,
तसेच शहरातील बागांत आणि सभागृहांत वर्ग घेणारे योगशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

बहुतेक तालमींच्या इमारतीत आखाड्याखेरीज एखादा हॉल असतो. गणेशोत्सवाच्या तयारीला तो लागतो, सभांना लागतो, पण बऱ्याच संध्याकाळी रिकामाच असतो. तो आठवड्यातून तीन संध्याकाळी, पाऊण-पाऊण तास, पेठेतल्या शुगर असलेल्या माणसांसाठी उघडावा, ही मंडळांना विनंती. आणि तिथं शिकवला जाणारा योग खरोखर साखर खर्च करणारा असावा, ही योगशिक्षकांना. एक झालं आणि दुसरं राहिलं तर उपयोग नाही, म्हणून पत्र दोघांना मिळून लिहितो आहोत.

२०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असं त्यात आढळलं. म्हणजे दर नऊ प्रौढांमागे साधारण एकाला मधुमेह. आपल्या गल्लीतली दहा घरं डोळ्यांसमोर आणा, नावं आपोआप आठवतील.

तालमींनाच का लिहितो आहोत, ते सांगतो. जेवणातली साखर रक्तात उतरली की तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात. स्नायूच्या पेशीचं दार उघडण्याचं काम इन्सुलिनचं. टाइप २ मधुमेहात हे दार इन्सुलिनला दाद देत नाही. कितीही ठोठावलं तरी अर्धवटच उघडतं, आणि साखर रक्तातच साचत राहते. पण स्नायू जोरानं आकुंचन पावतो तेव्हा दुसरी वाट मोकळी होते. साखर आत वाहून नेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या पोटातून पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी इन्सुलिन लागत नाही. शिवाय व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस तो स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे. त्यांना काम मिळालं की साखर खपते.

हे कुस्तीचं खासबाग मैदान उभं करणाऱ्या शाहू महाराजांच्या गावाला नव्यानं सांगायला नको. मांडी घडली नाही तर पैलवान उभा राहत नाही, हे लाल मातीत पहिल्या दिवशी कळतं. शंभर बैठका मारणाऱ्या पोराच्या मांड्यांत जे घडतं, तेच हळू, थोडक्यात आणि खुर्चीच्या आधारानं साठ वर्षांच्या मधुमेही आजीच्या मांड्यांत घडवायचं आहे. वस्तादांनी हे काम आपलं मानावं असं आम्हांला वाटतं ते एवढ्यासाठीच.

आता योगशिक्षकांशी थोडं स्पष्ट बोलतो. 'मधुमेहासाठी योग' अशा पाटीखाली होणाऱ्या अनेक वर्गांत अर्ध्याहून जास्त वेळ मांडी घालून बसण्यात जातो. कपालभाती, अनुलोम-विलोम, मग मंडूकासन. मुठी बेंबीशेजारी दाबून पुढं वाकायचं, की स्वादुपिंड दाबलं जातं आणि इन्सुलिन झरतं, असं सांगितलं जातं. हे खरं नाही. स्वादुपिंड जठराच्या मागं, पार पाठीच्या कण्याला लागून आडवं असतं. पोटावर दाबलेली मूठ तिथवर पोहोचत नाही. आणि इन्सुलिन दाबानं पाझरत नाही, रक्तातली साखर ओळखून पेशी ते सोडतात. मंडूकासन करू नका असं आमचं म्हणणं नाही, पण त्याच्या भरवशावर कुणाला ठेवू नका. वक्रासन आणि अर्धमत्स्येंद्रासनाचंही तेच. पाठीच्या कण्यासाठी उत्तम, साखरेसाठी किरकोळ.

हिशोब साधा आहे. स्वस्थ बसलेल्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते ती एक धरली, तर संथ हठयोगाला साधारण अडीचपट लागते, सूर्यनमस्काराला तीनपटींहून थोडी जास्त, झपाझप चालण्याला चारपटींच्या आसपास. मध्यम व्यायाम तीनपटींपासून मोजतात. मधुमेहात असा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं हवा, सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको, आणि त्यातले दोन-तीन दिवस स्नायूंवर भार देणारे हवेत. तुमच्या वर्गातला माणूस आसन करताना गप्पा मारू शकतो पण गाणं म्हणू शकत नाही, इतपत दम लागत असेल तर वेग बरोबर आहे. आरामात अभंग म्हणता येत असेल, तर ती मिनिटं १५० मध्ये धरू नका.

याचा अर्थ योग कमी पडतो असा मुळीच नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेला तो व्यायाम म्हणूनच, आणि उभ्या आसनांची आपली परंपरा जोर-बैठकांच्या शेजारी मानानं बसेल अशी आहे. जिमची पायरी न चढणारी बाई योगाच्या वर्गाला येते आणि टिकते. गुडघ्यांना धक्के बसत नाहीत. तोल सुधारतो, आणि पाय बधिर झालेल्या माणसाला तोल म्हणजे न मोडलेलं हाड. श्वसन आणि शवासनानं ताण उतरतो, झोप लागते. ताणाच्या संप्रेरकांमुळे यकृत रक्तात साखर ओतत असतं, ते कमी होतं. औषधं चालू ठेवून नियमित योग केला तर तीन महिन्यांच्या सरासरीत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, एक टक्क्याच्या आतली घट अभ्यासांतून दिसते. आकडा लहान वाटेल, पण आठचा साडेसात होणं डोळ्यांसाठी आणि मूत्रपिंडांसाठी मोलाचं आहे.

म्हणून पंचेचाळीस मिनिटांची आमची मांडणी अशी. पहिली पाच-सात मिनिटं उभ्यानं घोटे, गुडघे, खांदे मोकळे करणं आणि जागच्या जागी चालणं. मग पंचवीस मिनिटं पायांवर. उत्कटासन, वीरभद्रासन दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट, भिंतीला बोटं टेकवून ताडासनात टाचा उचलणं पंधरा-पंधरा वेळा तीनदा, पाठीवर झोपून सेतुबंधासन सावकाश दहा वेळा, आणि भिंतीला हात टेकून जोर. ज्यांना जमेल त्यांना मिनिटाला दोन या गतीनं सहापासून बारापर्यंत सूर्यनमस्कार. ज्यांना जमिनीवर हात टेकवता येत नाहीत त्यांनी खुर्चीच्या बैठकीवर टेकवावेत. शेवटची दहा-बारा मिनिटं एखादं वक्रासन, कुंभक न करता, म्हणजे श्वास न कोंडता, अनुलोम-विलोम आणि शवासन. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. हात डोक्यावर जात नसेल तर ओढून नेऊ नका, खांद्याच्या उंचीवर थांबवा.

उत्कटासन मात्र जरा नीट सांगतो, कारण सगळ्या वर्गाचा कणा तेच आहे आणि चुकतंही तेच. मागं भक्कम, बिनचाकांची, बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पावलं कमरेएवढी रुंद, चवडे किंचित बाहेर. हात समोर. आधी गुडघे वाकवायचे नाहीत, आधी बूड मागं न्यायचं, जणू अंधारात खुर्ची शोधतो आहोत. वजन टाचांवर. मांडी निम्म्यावर उतरली की थांबायचं आणि वीस आकडे मोठ्यानं मोजायचे. मोठ्यानं यासाठी, की मोजणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. पहिले पंधरा दिवस असं तीनदा पुरे. मग तीस आकडे. सहाव्या आठवड्यापासून खुर्चीला बूड टेकतंय न टेकतंय तोच उठणं, आठ-दहा वेळा, तीन फेऱ्या.

चुका ठरलेल्या. टाच उचलली जाते, मग सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस 'गुडघे दुखतात' म्हणून येत नाही. गुडघे आत एकमेकांकडं पडतात. उठताना हात मांडीवर दाबला जातो, म्हणजे जे काम मांडीनं करायचं ते हातानं केलं. गुडघा खरोखरच झिजलेला असेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून बैठक उंच करा आणि तिथूनच उठबस करून घ्या. मांडी त्यातही काम करते.

वेळेबद्दल. पहाटे उपाशीपोटी योग करावा हा नियम निरोगी माणसासाठी ठीक आहे. इन्सुलिन किंवा साखर खाली खेचणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला तो धोक्याचा ठरू शकतो. शिवाय पहाटे यकृतातून साखर सुटत असते. अशा वेळी दमछाक करणारा व्यायाम केला तर तासाभरासाठी साखर उलट वाढलेली दिसते आणि माणूस घाबरून वर्ग सोडतो. संध्याकाळी, दुपारच्या जेवणानंतर तीनेक तासांनी घेतलेला वर्ग बहुतेकांना सोयीचा पडतो. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गल्लीत चालणं हे त्याच्या जोडीला. पोटभर जेवून आसनं नकोत, चालणं मात्र जरूर. रंकाळ्यावर जाणं जमलं नाही तर घरापुढचा रस्ता पुरतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वर्गाच्या दिवशी ते मांडीत टोचू नये, पोटावर टोचावं. राबणाऱ्या मांडीतून ते लवकर शोषलं जातं. संध्याकाळी जास्त श्रम झाले तर साखर मध्यरात्रीही उतरू शकते, म्हणून त्यांनी सुरुवातीचे काही दिवस झोपण्यापूर्वी एकदा तपासावी.

नाव नोंदवताना गोळ्यांची पाकिटं घेऊन यायला सांगा. 'मला साधी मेटफॉर्मिन आहे' असं सांगणाऱ्यांच्या पाकिटावर पुष्कळदा मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड छापलेलं असतं. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. या जोडगोळ्यांनी उतरू शकते. अशा माणसांची आणि इन्सुलिनवाल्यांची वेगळी यादी करा. वर्गाआधी त्यांची साखर ९० च्या खाली असेल तर आधी एखादं केळं किंवा तीन-चार बिस्किटं खाऊन मग आसनं. ३०० च्या वर असेल, किंवा २५० च्या वर असून उलट्या, खूप तहान, अंगात कसर असं काही असेल, तर त्या दिवशी वर्ग नाही. डॉक्टरांकडं पाठवा. वर्षभरात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का, छातीत कधी भरून येतं का, उठताना अंधारी येते का, तळपाय बधिर आहेत का, हेही तेव्हाच विचारा आणि लिहून ठेवा.

सर्वांत जास्त दगा शवासनात होतो. पायांचा व्यायाम झालेला, दिवे मंद, सगळे डोळे मिटून पडलेले. त्यात एखाद्याची साखर उतरत असते. कपाळाला घाम येतो, बोटं थरथरतात, मग तो निपचित होतो. शिक्षकाला वाटतं, किती छान शिथिल झाला आहे. 'सावकाश उठा' म्हटल्यावर बाकीचे उठतात, तो पडूनच राहतो, किंवा उठून भलतंच बोलतो. म्हणून मधुमेहींच्या वर्गात शवासन पाच मिनिटांपेक्षा लांबवू नका, दिवे पूर्ण घालवू नका, आणि संपताना वेगळ्या यादीतल्या प्रत्येकाला नावानं हाक मारून उत्तर घ्या. बीटा ब्लॉकर वर्गातल्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना साखर उतरताना धडधड जाणवत नाही. घामाची खूण मात्र राहते, तीच पाहा.

साखर ७० च्या खाली किंवा लक्षणं स्पष्ट असतील तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून लगेच द्या. यंत्र शोधण्यात वेळ घालवू नका. पंधरा मिनिटांनी तपासा, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर बिस्किट, पोळीचा तुकडा असं काही खायला द्या. इथं एक खास कोल्हापुरी चूक टाळा. मायेनं पेढा किंवा म्हशीचं घट्ट दूध पाजू नका. स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो, आणि त्या वेळी मिनिटं महत्त्वाची असतात. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

गोडाचा विषय निघालाच आहे तर गुळाचंही सांगतो. आपला गूळ जगात भारी, पण शुगरवाल्याला तो 'चालतो' हा समज वर्गात पसरू देऊ नका. रक्तात तो साखरेसारखाच उतरतो.

डोळ्यांच्या पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर डोकं खाली जाणारी आसनं पूर्ण वर्ज्य. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, आणि सूर्यनमस्कारातली पर्वतासनाची स्थितीसुद्धा. श्वास कोंडणं आणि जोराची कपालभातीही नाही. अशी वाहिनी फुटली तर डोळ्यात रक्त उतरतं आणि दृष्टी जाऊ शकते. ज्यांनी वर्षभरात पडदा तपासलेला नाही, त्यांनाही तपासून होईपर्यंत हीच पथ्यं लावा. बाकी सगळी उभी आसनं त्यांना करता येतात, म्हणून वर्गातून कुणाला काढायचं नाही.

बधिर पायाला वज्रासनात फरशीचा दाब कळत नाही. पाच मिनिटांत घोट्यावर लाल वळ उठतो, पुढच्या आठवड्यात त्याची जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. अशांना वज्रासन नकोच, खुर्ची द्या. वर्ग सुटताना प्रत्येकानं आपले तळपाय बघायचे, वाकता येत नसेल तर शेजाऱ्यानं बघायचे, अशी सवयच लावा. सतरंजीवर मॅट टाकू नका. वीरभद्रासनात मागचा पाय सरकतो आणि पावसाळ्यात दमट फरशीवर तर हमखास. कोरडी फरशी आणि रबरी मॅट, एवढंच हवं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या बागा आणि रंकाळा तलावाची चौपाटी चालण्याजोग्या राहत नाहीत. २१ जूनला योगदिन मोठ्या उत्साहानं होतो आणि लगेच पाऊस लागतो. रोज चालणारी माणसं घरात बसतात. इन्सुलिनला मिळणारा वाढीव प्रतिसाद दोन-तीन दिवसांत ओसरतो, आठवड्याभरात उपाशीपोटीचे आकडे सरकू लागतात. छप्पर असलेला, घरापासून पाच मिनिटांवरचा हॉल पेठेतल्या तालमीइतका दुसऱ्या कुणाकडं नाही. वर्षभर शक्य नसेल तर निदान हे चार महिने द्या.

बायकांसाठी हा हॉल उघडणं काही मंडळांना अवघड वाटेल. आखाड्याच्या मातीचे तुमचे नियम आम्हांला ठाऊक आहेत. आम्ही हौद मागत नाही, हॉल मागतो आहोत. साडेपाचचा वर्ग बायकांना सोयीचा पडतो, चहा उरकलेला असतो आणि रात्रीचा स्वयंपाक सुरू व्हायचा असतो. पावणेसातचा वर्ग दुकानं आणि कामं सांभाळणाऱ्यांसाठी. जिना उंच असेल तर तळमजल्याची खोली द्या, लहान असली तरी चालेल. बारा माणसं पुरतात. वीसच्या वर गेली तर एका शिक्षकाला सगळ्यांचे गुडघे आणि चेहरे दिसत नाहीत.

एक वाक्य मात्र कुठल्याही वर्गात उच्चारलं जाऊ नये, 'गोळ्या बंद होतील.' मधुमेह सुरू होऊन थोडीच वर्षं झालेल्या, दहा-पंधरा किलो वजन उतरवलेल्या काही जणांच्या गोळ्या सुटतात हे खरं आहे. ते घडतं ते प्रामुख्यानं उतरलेल्या वजनामुळे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. वर्गात आकडे उतरू लागले की वहीतले आकडे डॉक्टरांना दाखवायला सांगा. गोळी किती कमी करायची ते त्यांनी ठरवावं. तुमच्या शब्दावर इन्सुलिन सोडलेला माणूस दवाखान्यात पोहोचतो तेव्हा नाव योगाचं बदनाम होतं आणि जीव त्याचा जातो.

सुरुवातीला मंडळानं जमवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. बारा भक्कम खुर्च्या, घड्याळ, एक वही, १०० ग्रॅम ग्लुकोज पावडरचं पाकीट (सहा वेळा पुरतं), ग्लुकोमीटर आणि पट्ट्या. पावसाळी हवेत पट्ट्या ओल धरतात आणि चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून पट्टी काढली की डबीचं झाकण तत्क्षणी लावायचं आणि डबी उघडल्याची तारीख वर लिहायची. सुई प्रत्येकाची प्रत्येक वेळी नवी. टोचायचं पेनसुद्धा ज्याचं त्यानं घरून आणायचं, कारण एकाचं दुसऱ्यानं वापरलं तर कावीळ बी पसरू शकते. वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा ठेवा. वहीत रोज सगळ्यांचे आकडे लिहायची गरज नाही. प्रत्येकाचा आठवड्यातून एक दिवस ठरवून वर्गाआधीचा आणि नंतरचा आकडा, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी, एवढं पुरे.

हॉल देऊ शकणाऱ्या मंडळांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार या वारांचा विचार करावा, म्हणजे आठवड्यात सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडत नाही. या तीन वर्गांचे सव्वादोन तास, म्हणजे १३५ मिनिटं होतात. त्यात अंग मोकळं करणं आणि शवासन आलं, म्हणून उरलेली मिनिटं रोजच्या जेवणानंतरच्या चालण्यातून भरून काढायची. शिकवायला आणि पहिल्या महिन्यात शेजारी उभं राहायला आम्ही येऊ, मानधनाशिवाय. वस्तादांनी पहिल्या दिवशी फक्त बैठक कशी बसायची ते करून दाखवावं. गुडघा कुठं, टाच कुठं, हे त्यांच्याकडून बघितलेलं माणूस विसरत नाही.

आपले,
मधुमेही व्यक्तींसोबत काम करणारे काही योगशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट
कोल्हापूर